देवपूरची मावशी

परवा माझ्या मुलाला एका बँकेत नोकरी लागली आणि त्याची चौकशी त्यानं स्वतःच करून टाकली. मोबाईलवर कसली तरी लिंक आली. तो उठला, दारात उभा राहिला, स्वतःचा फोटो काढला, घराच्या नंबराच्या पाटीचा काढला, दोन-तीनदा अंगठा दाबला आणि परत येऊन पोहे खायला बसला. आपण कुठे उभे आहोत हे म्हणे फोनलाच कळतं.

मी सकाळपासून डब्यातला चिवडा काढून ठेवला होता. बैठकीतली चादर बदलली होती. शेजारच्या अक्कांनाही सांगून ठेवलं होतं की कुणी विचारायला आलं तर घरीच राहा, बाजाराला जाऊ नका.

"कोणी येणार नाही का?" मी विचारलं.

"झालं की, आई. व्हेरिफाय झालं."

मला रागच आला. माझ्या मुलाबद्दल एका माणसानं दुसऱ्या माणसाला काही विचारलंच नाही, आणि म्हणे झालं! चिवडा मी परत डब्यात भरला. अक्का दुपारी येऊन विचारून गेल्या, "मग? आले का ते?" त्याही तयारीत होत्या. चांगली नवी साडी नेसून बसल्या होत्या.

तुम्ही म्हणाल, हिला एवढं काय लागलं. लागलं, कारण मी आयुष्यातली चांगली वर्षं हेच काम केलं आहे. लोकांच्या पोरांची चौकशी करत धुळे आणि जळगाव हे दोन जिल्हे मी स्कूटीवर आणि एस.टी.नं पालथे घातले. आधी मी धुळ्याच्या कोर्टाजवळ एका वकिलांकडे टायपिंगला होते. तिथे पुण्याच्या एका एजन्सीचा माणूस यायचा. बँका, फायनान्स कंपन्या, विमा कंपन्या, म्हणजे जिथे परक्याच्या पैशाला हात लागतो अशा सगळ्यांसाठी ही एजन्सी माणसं तपासून द्यायची. उमेदवारावर फसवणुकीचा खटला आहे का, चेक वटला नाही म्हणून कोणी कोर्टात खेचलंय का, आधीची नोकरी खरी की कागदावरची, आणि शेजारीपाजारी काय म्हणतात. कोर्टातलं काम मला येत होतंच. शेजारीपाजारी मागून आले.

आमचे हे सकाळी मला डबा भरताना बघून विचारायचे, "आज कुणाची सोयरीक जमवायला निघालात?"

चेष्टाच होती, पण खोटी नव्हती. आमच्या खानदेशात पर्स लावलेली, बरी साडी नेसलेली बाई अनोळखी गल्लीत शिरून एखाद्या पोराचं नाव घेऊन घर विचारते, याचा एकच अर्थ होतो. तिच्या घरी लग्नाची मुलगी आहे. मी "अमक्याबद्दल जरा माहिती हवी होती" म्हणायचा अवकाश, की खाट टाकली जायची, आतून पाण्याचा तांब्या यायचा आणि अहिराणीत सुरू व्हायचं, "पोऱ्या सोनं शे, ताई. सुपारीनं खांड बी खात नही." मग माझ्याकडे निरखून बघत हळूच, "आंडेर कितली शिकेल शे तुमनी?" आंडेर म्हणजे मुलगी. मला मुलगी नाही, एकच मुलगा, तोही तेव्हा शाळेत. पण मी किती वेळा काय काय शिकलेल्या मुलीची आई झाले असेन, देवाला ठाऊक.

पहिल्या काही महिन्यांतच मला कळलं की या पाहुणचारानं माझं काम बुडणार. लग्नाच्या चौकशीत कोणी वाईट बोलत नाही. बोललं तर भांजी मारली म्हणतात, आणि जमत आलेल्या सोयरिकीत भांजी मारणाऱ्याला गल्लीत कुणी चहा विचारत नाही. त्यामुळे सगळी पोरं सोनं. बोदवडला एकाची चौकशी केली होती, स्टेशनजवळच्या चाळीत. सगळ्या चाळीनं सोन्याचा निर्वाळा दिला. कोर्टात बघितलं तर तो एका पतसंस्थेसाठी रोज दुकानोदुकानी फिरून पैसे गोळा करायचा आणि ते न भरताच पसार झाला होता. खटला चालू होता. परत जाऊन मी त्या चाळीतल्या नानांना विचारलं, "नाना, हे माहीत नव्हतं का?" नाना शांतपणे म्हणाले, "माहीत व्हतं. पन तुमनी पोरना संसारम्हा त्यानं काय?"

तेव्हापासून मी लग्नाची भाषा ऑफिसच्या भाषेत उलगडायला शिकले. "पोरगा साधा आहे" म्हणजे कामाचा नाही. "मित्र गयरे शेत" म्हणजे खूप मित्र आहेत, म्हणजे घरी सापडत नाही. "तसा निर्व्यसनी आहे" यातला "तसा" ऐकायचा. आणि कोणी नुसतंच "घराणं चांगलं आहे" म्हणून थांबलं, तर मी स्कूटी थेट कोर्टाकडे वळवायची. चांगलं चाललं होतं माझं. एजन्सीवाले म्हणायचे, मॅडमच्या रिपोर्टला परत बघावं लागत नाही. मला त्याचा गर्व होता, आणि अजूनही आहे.

मग धरणगावची मुलगी आली.

मुली तेव्हा माझ्या वाट्याला कमीच यायच्या. ही पुण्याच्या एका फायनान्स कंपनीत निवडली गेली होती, सोनं तारण ठेवून कर्ज देणाऱ्या. लोकांची मंगळसूत्रं तिच्या हातात येणार, कपाटाची किल्ली तिच्याकडे राहणार. कोर्टात तिच्या नावावर काहीच नव्हतं. अडचण एकच होती. अर्जात तिनं लिहिलं होतं की आधी सुरतेला साड्यांच्या एका पेढीवर दोन वर्षं हिशेबाचं काम केलं. ती पेढी आता बंद पडली होती. फोन लागत नव्हता, मालक कुठे गेला कुणाला ठाऊक नव्हतं. आणि बंद पडलेल्या पेढीचा अनुभव दाखवणं ही जुनी युक्ती आहे. विचारायला कुणी उरत नाही ना! पुण्याहून मला स्पष्ट सांगण्यात आलं, "ती खरंच सुरतला होती का, एवढं शेजाऱ्यांकडून लिहून आणा. नसली तर अनुभव खोटा. मग ही नोकरी तर जाईलच, पण आपल्याकडे तिच्या नावापुढे खोटेपणाचा शेरा पडेल. पुढची कंपनी विचारेल तेव्हाही तोच जाईल."

थोडक्यात, त्या पोरीचं पुढचं सगळं गल्लीच्या तोंडी होतं.

थंडीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेला, पऱ्हाटी उभी. दुपारी मी धरणगावला पोचले. गल्ली रेल्वेच्या बाजूची, सुरतेकडे जाणाऱ्या पॅसेंजरची शिट्टी घरात ऐकू येते अशी. ओट्यावर एक आबा ऊन खात बसले होते. त्यांना मी मुलीचं नाव सांगितलं आणि मी खुलासा करायच्या आतच ते उठून उभे राहिले.

"बठा, ताई, बठा. पोर सोनं शे. दोन वरीस देवपूरले मावशीकडे व्हती, शिवनकाम शिकी ऱ्हायनी व्हती."

मी पुढच्या घरी गेले. तिथली बाई पापड वाळत घालत होती. हात पुसत ती म्हणाली, "पोर सोनं शे. दोन वरीस देवपूरले मावशीकडे व्हती, शिवनकाम शिकी ऱ्हायनी व्हती."

तिसऱ्या घरी एक शाळेतले शिक्षक, तेही हेच म्हणाले. फक्त शुद्ध मराठीत.

आता देवपूर म्हणजे माझं गाव. पांझरा नदीच्या अलीकडे धुळं, पलीकडे देवपूर, आणि माझं सगळं आयुष्य पलीकडेच गेलेलं. म्हणून मी शिक्षकांना विचारलं, "देवपूरमध्ये कुठे राहतात मावशी?" ते म्हणाले, कॉलेजच्या मागे. पापडवाल्या बाईंना विचारलं, तर नदीच्या पुलाजवळ. आबांना विचारलं, तर ते जरा विचार करून म्हणाले, "मोठं गाव शे ना ते. गयऱ्या गल्ल्या शेत."

मी ओळखलं की हे ठरवून सांगणं आहे. पण ठरवून सांगितलेलं म्हणजे काय, हे मला लगेच उमगलं नाही. मला वाटलं, पोरगी खरोखर कुठेच गेली नव्हती, घरीच होती, आणि अर्जात खोटं लिहून बसली. गल्ली म्हणते देवपूर, अर्ज म्हणतो सुरत. दोन्हींचा मेळ नाही. बॅगेतून कागद काढून मी पेन उघडलंसुद्धा. पण लिहिण्याआधी एकदा स्पष्ट बोलावं म्हणून आबांना म्हटलं, "आबा, मी स्थळाची चौकशी करायला आले नाहीये. मला मुलगाच नाही लग्नाचा. मी नोकरीची चौकशी करतेय. कंपनीकडून."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"ताई, मांगे बी एक जन बँकवाला शे म्हनीसन उन्हा. चहा पिना, बठ्ठी चौकशी करी, आनि निंघना पोऱ्याना काका!"

म्हणजे बँकेचा म्हणून आलेला माणूस मुलाचा काका निघाला होता. मी ओळखपत्र दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन उन्हात धरलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं. "कार्ड आजकाल कोनीबी छापस."

आता मात्र मी चिडले. एवढ्या वर्षांत नोकरीची चौकशी लग्नाची समजली म्हणून माझं काही अडलं नव्हतं, मी दोन्हींतून वाट काढत आले होते. इथे मी खरं सांगत होते, आणि ज्यांनी मला खोटं सांगितलं तेच मला खोटी ठरवत होते. उचललेली बॅग मी खांद्याला लावली. एका ओळीचं काम होतं, "शेजाऱ्यांच्या सांगण्यानुसार उमेदवार सुरतला नव्हती," खाली सही, आणि पुढची एस.टी.

शेवटचं घर राहिलं होतं, मुलीच्या घराला लागूनच. तिथे एक अक्का राहायच्या, म्हाताऱ्या, एकट्या. नियमाला दोन शेजारी पुरतात, पण मला अर्धवट काम जमत नाही. अक्का तुळशीपाशी वाती वळत बसल्या होत्या. त्यांनीही तोच धडा म्हटला. सोनं, मावशी, देवपूर, शिवणकाम. मी पाणी मागितलं. त्या उठल्या तशी त्यांची साडी माझ्या नजरेत भरली. गर्द मोरपंखी, बारीक जरीचा काठ, अशी सुळसुळीत की धरणगावच्या बाजारात मिळणार नाही. बायकांची सवय, दुसरं काय. मी विचारलं, "अक्का, साडी कुठली हो? फार छान आहे."

अक्कांचा चेहरा असा उजळला! पदर हातावर पसरून त्या म्हणाल्या, "आमनी पोरनी आनेल शे, सुरतथून. बठ्ठी गल्लीले आनेल शेत."

आणि मग त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला आणि तोंडावर पदर धरला.

मला हसू येत होतं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी. "मी भांजी मारी का ताई?" त्या विचारत होत्या. "मी पोरनी सोयरीक मोडी का?"

मी त्यांच्या शेजारी खालीच बसले. त्यांचा हात धरून सांगितलं, अक्का, माझ्या नवऱ्याची शपथ, मी स्थळाची नाही. शपथ घेतल्यावर मात्र त्यांनी मान डोलावली. ओळखपत्रापेक्षा नवरा बरा, हे मला तेव्हा कळलं. मग अक्कांनी सगळं सांगितलं. मुलगी सुरतेला होती. एकटी, बायकांच्या वसतिगृहात राहून पेढीवर काम करत होती, सणाला यायची तेव्हा गल्लीसाठी साड्या आणायची. पेढी बंद पडली म्हणून परत आली. पण लग्नाच्या बाजारात एकटी राहिलेली मुलगी म्हणजे शंभर प्रश्न. एक स्थळ त्याच्यावरून परतही गेलं होतं. म्हणून मग गल्लीनं बसून ठरवलं की ती देवपूरला मावशीकडे होती.

"आणि मावशी?" मी विचारलं.

"कोठली मावशी, ताई? तिनी मायले बहीनच नही."

तेवढ्यात मुलीची आई आली. कुणीतरी तिला बोलावून आणलं असावं. हातात तुरीच्या शेंगांची परात तशीच होती. माझ्याच वयाची, रोड, कपाळावर मोठं कुंकू. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला गेलेला, मुलगी पुण्यात मैत्रिणीकडे उतरून निकालाची वाट बघत होती. अक्कांचा चेहरा बघूनच तिला सगळं समजलं. ती ओट्यावर बसली, परात मांडीवर घेतली आणि म्हणाली, "काय इचारनं शे ते मले इचारा."

मी तिला सांगितलं. सुरतेचं खरं असेल तर मला ते शेजाऱ्यांच्या सहीनं लिहून न्यावं लागेल. घरच्यांची सही चालत नाही.

"नही लिखं तर?"

"नोकरी जाईल. आणि पुढेही मिळणं कठीण. खोटी म्हणून नोंद होईल तिची."

तिनं एक शेंग सोलली. दाणे परातीत टाकले. रविवारी अमळनेरकडचे पाहुणे मुलगी पक्की करायला येणार होते, हे अक्कांनी मला आधीच सांगितलं होतं. त्यांनाही मावशीच सांगितली होती. अक्कांनी सही केली म्हणजे ते गल्लीत राहणार नव्हतं. या गल्लीत नाही राहत काही. तिच्या लेकीचं नाव एका ठिकाणी राखायचं तर दुसऱ्या ठिकाणी जाणार होतं. आमच्या ऑफिसात याला प्रतिष्ठेचा धोका म्हणायचे आणि त्यासाठी वेगळा रकाना होता, पण तो कंपनीच्या प्रतिष्ठेचा. हिच्या लेकीच्या प्रतिष्ठेसाठी कुठल्याच कागदावर जागा नव्हती. मला तिची फार कणव आली. मी म्हटलंसुद्धा, "घाई नाही. यजमानांना विचारा. मी उद्या देवपूरहून परत येते."

"त्यासले काय इचारू?" ती म्हणाली. "सुरतनी गाडीम्हा पोरले मीच बसाडेल व्हतं."

मग ती उभी राहिली. आतापर्यंत बाया आपापल्या दारात आल्या होत्या. पापडवाली, शिक्षक आणि त्यांची बायको, काठी टेकत आबासुद्धा. तिनं माझ्याकडे बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "लिखा, ताई. पोर सुरतले व्हती. दोन वरीस. एकली ऱ्हायनी, काम करं, आनि मान वर करीसन घर उनी. अक्का, कर सही."

अक्कांना सही येत नव्हती. त्यांनी अंगठा उमटवला. मग पापडवाली पुढे आली. मग शिक्षक, शुद्ध मराठीत. मग ज्यांची मला गरज नव्हती त्याही बाया आल्या, आणि कागदावर जागा उरली नाही म्हणून पाठीमागे सह्या करू लागल्या. मी कुणाला थांबवलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला ते दाखवायचं नव्हतं, म्हणून मी पेन हलवून शाई उतरत नसल्याचं सोंग करत बसले.

पुण्याहून दुसऱ्या दिवशी फोन आला. "मॅडम, शेजाऱ्यांच्या रकान्यात एवढ्या सह्या कशाला? दोन पुरतात."

"दोघांच्याच घेतल्या असत्या तर बाकीच्या गल्लीला बरं वाटलं नसतं," मी म्हटलं. त्याला काही कळलं नाही. पण मुलगी पास झाली, आणि पुढच्याच आठवड्यात तिला रुजू व्हायचं पत्र मिळालं.

इथपर्यंत माझं काम संपलं. मी पुढच्या पोरांच्या मागे लागले. पण एका संध्याकाळी देवपूरला माझ्या दारात एक गृहस्थ आले. पांढरा सदरा, टोपी, हातात कापडी पिशवी. बसले, पाणी प्यायले, आणि घसा खाकरून म्हणाले, "आम्ही अमळनेरकडून आलो. कंपनीच्या कामासाठी."

"कोणत्या कंपनीच्या?" मी विचारलं.

त्यांना कंपनी सुचेना. मग ओशाळून हसले आणि खरं बोलले. ते त्या स्थळाचे काका होते. कदाचित तेच, आबांनी सांगितलेले बँकवाले. रविवारी ते धरणगावला गेले तेव्हा मुलीच्या आईनं पोहे पुढे ठेवायच्या आधीच सांगून टाकलं होतं की मावशी-बिवशी कोणी नाही, पोर सुरतेला एकटी होती. आणि वर म्हणाली होती, तुम्ही कशाला चौकशी करता, पुण्याच्या कंपनीनं करून झाली आहे. देवपूरला एक ताई आहेत, त्यांनी केली. त्यांनाच विचारून घ्या काय निघालं ते.

मी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं लोक माझ्या नोकरीच्या चौकशीला लग्नाची समजत होते. या बाईनं ते समजून उमजून केलं होतं!

आता नियम असा की चौकशीतलं बाहेर सांगायचं नाही. मी तो कधी मोडला नाही, तेव्हाही नाही. मी काकांना म्हटलं, "तिच्या आईनं तुम्हाला काय सांगितलं?"

त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं.

"मग ते खरं आहे," मी म्हटलं. "त्या बाईचा शब्द मी लिहून घेतलेला आहे. बाकी मला विचारू नका."

"एकटी राहत होती म्हणतात."

"तुमचा मुलगा कुठे असतो?"

"नाशिकला. कंपनीत आहे."

"कुणाजवळ राहतो?"

चहा आला, तो काकांनी बशीत ओतून सावकाश प्यायला. उठताना पायात चप्पल घालता घालता म्हणाले, "एकटाच राहतो की. त्याची कुणी चौकशी केलीच नाही अजून." आणि मला नमस्कार करून गेले.

लग्नाची पत्रिका मला पोस्टानं आली. उन्हाळा होता. आमच्या ह्यांना मी म्हटलं, जाणं बरं दिसतं का, आपण कोण त्यांचे? ते म्हणाले, "एकदाची एक तरी सोयरीक जमवली आहेस, जाऊन ये."

मांडव गल्लीतच घातला होता. मी मागच्या खुर्चीवर बसले होते, अक्षता टाकून, जेवून गुपचूप निघायचं ठरवून. पण मुलीच्या आईनं मला शोधून काढलं. हाताला धरून ओढतच पुढे नेलं, मुलाकडच्या बायका बसल्या होत्या तिथे. मुलगी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. आईसारखीच रोड, डोळे धीट. मुलाच्या आईनं विचारलं, "ह्या कोण?"

"मनी बहीन शे," ती म्हणाली, जराही न अडखळता. "देवपूरनी. पोरनी मावशी."

आणि तिनं माझ्या मांडीवर मावशीच्या मानाची साडी ठेवली. मोरपंखी, बारीक जरीच्या काठाची. मी एकटीच वाढलेली, मलाही बहीण नाही. ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "बठ. आते तू घरनी शे." आता मी घरची होते. मुलगी वाकून पाया पडली तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्या बायकांच्या देखत रडले. मावशा रडतातच, कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कडेच्या खाटेवर आबा बसले होते. नवा फेटा, हातात काठी. त्यांनी हे सगळं पाहिलं, आणि मला खुणेनं जवळ बोलावलं.

"सांगं व्हतं ना ताई तुले," ते म्हणाले, "देवपूरले मावशी शे म्हनीसन? आते लिख."